उघाडीची बोली

भाटेखारीत देवावर सगळ्यांचा विश्वास होता, चर्चमध्ये जाणाऱ्यांचा आणि देवळात जाणाऱ्यांचाही. शेजाऱ्यावर मात्र कोणाचाच नव्हता. आणि गावाचं पोट ज्याच्यावर होतं तो खाडीचा बांध नेमका शेजाऱ्यांनी मिळूनच राखायचा होता.

बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे खार, खाडीकाठची सखल भातशेती. मधोमध उघाडी. दोन दगडी खांब, खांबांना खोबणी आणि खोबणीत एकावर एक उतरवायच्या सागाच्या फळ्या. भरतीला फळ्या खाली सोडल्या की खारं पाणी बाहेर अडायचं. ओहोटीला वर घेतल्या की पावसाचं साठलेलं पाणी खाडीत पळायचं. पळत्या पाण्याच्या तोंडाशी बोक्शी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावलं की आतल्या चरातली मासळी आयती गोळा. फळ्या सांभाळायचं काम आणि ती मासळी धरायचा हक्क दर वैशाखात बोलीला निघे आणि बोलीचा पैसा बांधाच्या डागडुजीला लागे. वाडवडलांनी डोकं चांगलं चालवलं होतं. कोणाच्या दारात वर्गणी मागायला जायला नको, ज्याला मासळी खायची त्यानं बांध पोसावा.

गोम एकच होती. मासळी येते खाऱ्या पाण्याबरोबर. म्हणजे बांधाला पैसा पुरवणारा आणि भाताच्या मुळाशी मीठ सोडू शकणारा माणूस एकच. वाडवडलांना हेही कळत होतं, म्हणून त्यांनी आणखी एक रीत घालून ठेवली. बोली जिंकणाऱ्यानं चराचं ओंजळभर पाणी सगळ्यांदेखत प्यायचं, आणि पुढं वर्षभरात कोणालाही संशय आला तर पुन्हा प्यायचं. तोंड वाकडं झालं की उघाडी गेली, बोलीचा पैसा बुडाला, आणि ज्याचं भात जळालं त्याला आपल्या खळ्यातून भरून द्यायचं.

त्या वर्षी वैशाखात गाव चिंचेखाली जमलं. ज्युलियसनं जांभई देतच बोली सुरू केली. गेली काही वर्षं उघाडी त्याच्याकडेच होती आणि यंदाही दुसरा कोण येतोय, अशा थाटात तो पाय लांब करून बसला होता. गॉडफ्रे मास्तरांनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं.

"अजून कोन?"

आग्नेलचा हात वर गेला. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं, लहानपणी कडबा तोडताना गेलेलं. त्यामुळे त्यानं हात वर केला की तो एखादी गोष्ट अर्धवट सांगतोय असं वाटायचं.

"बेलाच्या बापाला आज भूत लागलंय काय गं?" बायकांच्या रांगेत द्वारका आग्नेलच्या बायकोच्या, सालोमीच्या, कानाशी लागली. द्वारका सालोमीची शेजारीण. तिच्या नवऱ्याचं, हरेश्वरचं, शेत खारीत सगळ्यांत खाली, चराला लागून होतं.

"भूत नाय लागलं," सालोमी म्हणाली. "ज्युलियस लागलाय."

खरंच होतं ते. दर वर्षी भात पोटरीला आलं की आग्नेल एक पात तोडून चावत घरी यायचा आणि जाहीर करायचा, "खारट! ज्युलियसनं फळी उचलली." सालोमीनं तीच पात चावून पाहिलेली असायची आणि तिला ती पातीसारखीच लागायची. पण आग्नेलच्या डोक्यात ते घट्ट बसलं होतं. उघाडी आपल्या हातात आली तरच भात वाचेल असं तो म्हणायचा.

बोली चढत गेली. ज्युलियस प्रत्येक वेळी थोडंसं वर जायचा, आग्नेल त्याच्याही वर. मास्तर दोघांकडे आळीपाळीनं बघून थकले. शेवटी आग्नेलनं असा आकडा उच्चारला की चिंचेवरचे कावळेसुद्धा गप्प झाले. ज्युलियसनं पाय जवळ ओढले, विडी काढली, अर्धी आग्नेलपुढे धरली.

"घे बाबा. तुझी उघाडी."

तो हसला ते सालोमीला आवडलं नाही. विकत घेणारा हसला तर समजतं. हरणारा कशाला हसतो?

मास्तरांनी तांब्यात चराचं पाणी आणवलं. वैशाखातलं ते हिरवट पाणी आग्नेलनं ओंजळीत घेऊन घटाघट प्यायलं आणि मिशा पुसल्या.

"गोड," तो म्हणाला, आणि माणसं टाळ्या वाजवून घरोघर गेली. टाळ्यांना पैसे पडत नाहीत.

पैसे पडले ते आग्नेलला. गोठ्यातली म्हैस गेली. घेणारा कोफराडचा होता. दोर सोडताना त्यानं म्हशीचे दात पाहिले तसे आग्नेलनं त्याच्या नोटा उजेडात धरून पाहिल्या. सालोमी आत भांडी घासत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती पितळी लोटी घेऊन द्वारकाच्या दारात दुधाला जाऊ लागली. स्वतःच्या गोठ्यातलं दूध विकणारी बाई दुसऱ्याच्या गोठ्याशी लोटी धरून उभी राहते तेव्हा लोटी फार हलकी वाटते.

पण बांध काय झाला! गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता असा. वडारांनी दगड आणून खाडीकडच्या तोंडाला लावले, खचलेल्या जागी माती दाबली, उघाडीला नव्या फळ्या आल्या. मास्तर म्हणाले, "आग्नेलच्या पैशानं खार उभी राह्यली." त्या दिवशी आग्नेल छाती काढून बांधावरून चालला. दुसऱ्या दिवशी छाती आत गेली आणि हिशेब बाहेर आला. तो एकेका शेतापाशी थांबून मनात मोजू लागला. हे हरेश्वरचं, कोरडं राहणार. हे मास्तरांचं, कोरडं. हे ज्युलियसचं, त्याच्या पैशाला हात न लावता कोरडं. आणि बोळिंजच्या अंगाला, ज्युलियसच्या भावानं विकलेल्या खाचरांत, तीन बिल्डिंगा उभ्या होत्या. त्यांचे तळमजले भरतीच्या पाण्याहून खाली. त्याही कोरड्या.

"ह्यांच्याकडून तरी काय घेऊ या," आग्नेल म्हणाला, आणि मास्तरांना घेऊन बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडे गेला. सालोमीला सोबत नेलं, कारण बाईमाणूस असलं की दार लवकर उघडतं असा त्याचा समज.

सेक्रेटरी गंजीफ्राकवर पेपर वाचत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काका, आम्ही नगरपरिषदेला टॅक्स भरतो. बांध त्यांनी बघायचा."

"भरतीच्या टायमाला नगरपरिषद येते काय फळ्या सोडायला?"

"तुम्ही लेखी अर्ज द्या. मीटिंगमध्ये ठेवू."

"आन तुमचं गटार आमच्या चरात सोडलंय त्याचा अर्ज कोनी दिला?"

सेक्रेटरीनं पेपराची घडी घातली. "काका, त्याला बिल्डर जबाबदार. आम्ही फक्त राहतो."

गॅलरीत त्याची बायको कोणाला तरी खारीकडे बोट दाखवून सांगत होती, "व्ह्यू मात्र छान आहे हं. सगळं हिरवंगार." सालोमीनं तिकडे पाहिलं. त्या हिरव्यात तिची लावणी होती, तिची कंबर होती, आणि आता तिची म्हैसही होती.

पाऊस लागला आणि आग्नेलला कळलं की उघाडी घेणं म्हणजे खाडीशी लग्न करणं. तिची वेळ रोज वेगळी. कधी जेवताना उठायचं, कधी चर्चमध्ये मिस्सा सुरू असताना मागच्या दारानं सटकायचं. फळ्या फुगून जड व्हायच्या, खोबणीत अडकायच्या. तो दोन्ही हातांनी ओढून वर घ्यायचा, खाली सोडायचा, सांध्यांत ओला चिकणमातीचा गोळा दाबायचा. पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. सालोमी हळद-तेल लावून द्यायची आणि तो दात आवळून छताकडे पाहायचा.

आणि मासळी? चरात गटाराचं काळं पाणी उतरत होतं. बोक्शीत मूठभर कोळंबी आणि बाकी दुधाच्या रिकाम्या पिशव्या. बांधावरून ज्युलियस छत्री फिरवत जायचा.

"काय आग्नेल, काय गावलं आज? दूध?"

आग्नेल पिशव्या झटकून बाजूला टाकायचा. घरी आल्यावर मात्र ताटावर बसून बोलायचा. "सगळी खार माझ्या म्हशीवर कोरडी बसलीय. हरेश्वरचं भात माझ्या म्हशीवर. मास्तराचं भात माझ्या म्हशीवर. बिल्डिंगमधल्या बाया खिडकीत उभं राहून केस विंचरतात ते पन माझ्या म्हशीवर."

"पुरे की," त्यांची मुलगी बेला म्हणायची. "एक म्हैस, तिच्यावर किती जन बसवाल?"

गणपतीनंतर पावसानं पाठ फिरवली. भात मात्र चांगलं होतं, पोटरीतून लोंब्या डोकावत होत्या. आता खार महिना-दीड महिना वाचली की कापणी. आणि नेमकी तेव्हाच बोक्शीला बरकत आली. आग्नेल पहाटे टोपली भरून आणू लागला. बोय, मुडदुशी, बोटाएवढी कोळंबी. सालोमी डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजारात बसली की टोपली ऊन चढायच्या आत रिकामी. तिनं विचारलं नाही. रिकामी टोपली घेऊन घरी येणारी बाई प्रश्न विचारत नाही, मनात म्हैस बघत येते.

भाद्रपदाच्या पुनवेनंतरच्या सकाळी ती टोपली धुवायला चरात उतरली. टाचा भेगाळलेल्या. पावसाळाभर त्या पाण्यात त्यांना गार वाटायचं. त्या सकाळी पाणी टाचेला लागलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भेगेत कोणीतरी सुई फिरवावी तशी झोंब. ती दोन पावलं सरकली. तिथंही तेच. वाकून तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली, आणि उभी राहून सगळ्या खारीकडे नजर फिरवली. खारं पाणी आत आलं होतं. कोणाच्या तरी वाटेनं आलं होतं.

बांधाचे वाटे पडलेले असत, घरटी एक. चिंबोऱ्या बिळं पाडतात, त्या बिळांतून बांध पाझरतो, म्हणून आपापल्या वाट्याची बिळं ज्यानं त्यानं बुजवायची. हरेश्वर एसटीच्या डेपोत हेल्पर. सकाळी जायचा तो काळा होऊन परतायचा. त्याच्या वाट्यावर पावसाळाभर कोणी फावडं घेऊन उभं असलेलं सालोमीनं पाहिलं नव्हतं. संशयाला जागा सापडली की तो लगेच चूल मांडतो.

ती लोटी घेऊन दुधाला गेली आणि दारातूनच सुरू झाली.

"हरेश्वर, तुझा वाटा गळतोय."

हरेश्वर खाकी शर्टाची बटणं लावत होता. "कोन म्हनतो?"

"माझ्या टाचा म्हनतात."

द्वारका गोठ्यातून हसली. "सालूबाय, टाचांना तोंड कधी फुटलं?"

"तोंड नाय फुटलं, भेगा फुटल्यात. त्यात झोंबतं ते मीठ तुझ्या नवऱ्याच्या बिळातनं आलंय. आम्ही म्हैस विकून बांध बांधला आन तुमच्याच्यानं मूठभर माती दाबवत नाय?"

आवाज मोठा होता. दोन्ही बाजूंच्या अंगणांत माणसं जमली, मास्तरांना बोलावणं गेलं, वरात बांधावर निघाली. हरेश्वरच्या वाट्यात बिळं निघाली. चिंबोऱ्या कोणाच्या वाट्यात बिळं पाडत नाहीत? पण त्या दिवशी बघायला निघाले होते ते हरेश्वरचा वाटा, त्यामुळे बिळं त्याचीच निघाली. त्याला बिनपगारी रजा काढावी लागली. तो आणि द्वारका दोन दिवस गुडघाभर चिखलात बसून माती मळत, बिळात कोपरापर्यंत हात घालून गोळे ठोसत राहिले. एक चिंबोरी द्वारकाच्या करंगळीला डसली. सालोमी वर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तिकडं, त्या दगडाच्या खाली. राह्यलं ते."

आग्नेलही येऊन उभा राहिला होता. तो हळूच म्हणाला, "चल गं सालू. एवढं काय त्यात."

तिला राग आला. सगळं गाव फुकट खातं ते ह्याच्या मऊपणामुळंच, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लोटी पुढे केली तर द्वारकानं हात पदराला पुसले. करंगळीला चिंधी होती. "आमची म्हैस आटली." तिच्या मागं म्हैस उभी होती, ओटी अशी भरलेली की चालताना मांड्यांना घासावी. सालोमी रिकामी लोटी घेऊन परत आली. घरात काळा चहा सुरू झाला. आग्नेलनं तो एकदाही तक्रार न करता प्यायला, हेही तिच्या लक्षात आलं, पण उशिरा.

आठवड्यानं हरेश्वरच्या खालच्या खाचरात लोंब्यांची टोकं पांढरी पडली. जराशा वाऱ्यानंही त्या खुळखुळत होत्या, दाणा न भरलेल्या. त्याच्या बापाच्या काळी तिथं राता भात पेरत, खारं पाणी सोसणारं, जाड तांबड्या दाण्याचं. पण आता राताचं बी कोणाकडे उरलं नव्हतं. सगळ्यांना पांढरा भात लागत होता, आणि पांढऱ्या भाताला मीठ सोसत नाही. हरेश्वर खाचरात उभा राहून एकेक लोंबी हातावर चोळत होता. बिळं बुजवलेली, बांध कोरडा ठणठणीत, आणि भात जळतंय.

सर्वपित्रीची अमावास्या झाली. सकाळी सालोमी मुद्दाम चरात उतरली. झोंब टाचेतून पोटरीपर्यंत गेली. घरी आग्नेलनं आणलेली टोपली आज एकटीला उचलवत नव्हती.

ती तशीच ओल्या पायांनी उघाडीवर गेली. ओहोटी होती, खाडी पार खाली गेलेली. फळ्या खोबणीत बसलेल्या. पाऊस थांबून पंधरा दिवस होऊन गेले होते. आत साठलेलं पाणी काढायचं कारणच नव्हतं. फळ्या हलल्या नसत्या तर सांध्यांतली माती वाळून, तडकून, पांढुरकी झाली असती. ती ओली होती. काळी, तुकतुकीत, हातानं नुकती दाबलेली. सालोमीनं खाली बसून पाहिलं. मातीत बोटांचे ठसे होते. तीन पुरे. एक अर्ध्यावर थांबलेला.

तिनं आपली चार बोटं त्या ठशांवर ठेवून पाहिली आणि काढून घेतली.

दुपारी तिनं नवऱ्याला जेवायला वाढलं. मुडदुशीचं कालवण. त्यानं पहिला घास घेतला तेव्हा ती म्हणाली, "किती भरत्या आत घेतल्या?"

"कसल्या भरत्या?"

"बोटं पुसून आला असता तरी चाललं असतं. माती ओली सोडली ती सोडली, वर सही पन केली."

आग्नेल चावत राहिला. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "आपलं शेत वरती हाय. आपल्याला नाय लागनार."

"हरेश्वरचं?"

"हरेश्वरनं काय दिलं बांधाला? मास्तरानं काय दिलं? त्या बिल्डिंगवाल्यांनी अर्ज मागितला अर्ज! म्हैस कोनाची गेली, सांग. मी एकट्यानं सगळ्यांना कोरडं ठेवायचं आन माझ्या बोक्शीत दुधाच्या पिशव्या? थोडं पानी घेतलं तर घेतलं. ज्युलियस काय करत व्हता इतकी वरसं?"

"मी त्याच्या दारात जाऊन बोंबलले. दोन दिवस चिखलात बसवला त्याला. तू बाजूला उभा व्हता."

"तू बोललीस ते बरंच झालं," आग्नेल म्हणाला, आणि भाताचा डोंगर बोटांनी सारखा केला. "लोकांची नजर तिकडं गेली."

सालोमीनं कालवणाची पळी परत भांड्यात ठेवली. टाचा झोंबल्या त्याहून हे जास्त झोंबलं. नवऱ्यानं फळी उचलली हे एक. पण तिचं तोंड त्यानं फळीसारखं वापरलं, हवं तेव्हा पुढं सरकवलं.

"आता कोजागिरीचं उधाण येतंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मोठं. तेवढं एकच घेतो. मग म्हैस परत आलीच समज."

"कोजागिरीचं पानी चरात नाय राहनार. काठावरनं सगळ्या खालच्या खारीत पसरेल."

"वरती नाय येनार," आग्नेल म्हणाला, आणि पाणी प्यायला.

कोजागिरीच्या आधीच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर हरेश्वर चर्चच्या फाटकाशी उभा होता. हातात पांढऱ्या लोंब्यांची मूठ. त्यानं आवाज चढवला नाही. "आग्नेलनं पानी प्यायचं," एवढंच म्हणाला. रीत होती, कोणी नाही म्हणू शकत नव्हतं. सगळी माणसं चिंचेखाली वळली, देवळाकडचीही आली. मास्तरांनी स्वतः चराकाठी जाऊन तांब्या भरला, वाटेत कोणी बदलू नये म्हणून तांब्यावर हात ठेवून आणला. मास्तरांवरही कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून दोघं जण मागं चालले.

आग्नेल पुढं आला. ओंजळ केली. अर्ध्या बोटाच्या फटीतून थोडं पाणी गळालं, बाकीचं त्यानं प्यायलं. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही. मिशा पुसल्या. हसला.

"गोड."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. सालोमीनं मात्र ज्युलियसकडे पाहिलं. तो चिंचेला टेकून, एखादा जुना गडी नव्या गड्याचं काम बघतो तसा, मान डोलवत होता. खारं पाणी तोंड न वाकवता कसं प्यायचं हे त्याला ठाऊक होतं. त्यालाच ठाऊक होतं. वैशाखातलं ते हसू तिला आता कुठं कळलं: फळी उचलल्याशिवाय उघाडी परवडत नाही. आग्नेलचा इतक्या वर्षांचा संशय अगदी खरा होता, आणि त्यातून त्यानं शिकायचं ते नेमकं शिकून घेतलं होतं.

"तांब्यात काय कळतंय," हरेश्वर म्हणाला. "मला पन पिऊ दे."

"तू काय, तू तर खारटच म्हननार," आग्नेल मोठ्यानं म्हणाला. "तुला माझ्या खळ्यातलं भात पायजे. इस्वास नाय ना? मग सालोमीला पाजा. तिच्या टाचांनी तर पयल्यांदा बोंब मारली. ती सांगेल."

लोक हसले. हे सगळ्यांना पटलं. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका तो निश्चिंत होता. तिचं तोंड एकदा त्याच्या कामी आलं होतं.

मास्तरांनी तांब्या कलता केला. सालोमीच्या ओंजळीत पाणी साठलं, किंचित काळसर. तिनं त्यात पाहिलं. खारट म्हणाली की कणगी अर्धी. वरच्या खाचरातलं भात, जे जळालं नव्हतं, तिनं कमरेत वाकून लावलेलं, ते हरेश्वरच्या अंगणात जाणार. उघाडी जाणार, बोलीचा पैसा बुडणार, आणि म्हैस ह्या जन्मी दिसणार नाही. गोड म्हणाली की कोजागिरीला सगळी खालची खार मिठाची. पुढची तीन वर्षं तिथं गवतसुद्धा धड येणार नाही, आणि नवरा दर पुनवेला टोपली भरून आणणार.

तिनं पाणी तोंडात घेतलं. गिळलं नाही. गाल फुगलेले, डोळे समोरच्या बायकांच्या रांगेवर. द्वारका करंगळीची चिंधी दुसऱ्या हातात धरून उभी होती.

सालोमीनं ते आग्नेलच्या पायांशी थुंकलं. चुळीसारखं, लांब, आवाज करून.

"खारट," ती म्हणाली. मग हरेश्वरकडे वळली. "तुझा वाटा गळत नव्हता. मी खोटी पडले."

आग्नेलच्या चपलेवरून पाणी ओघळत होतं. ज्युलियस चिंचेपासून सरळ होऊन म्हणाला, "मग उघाडी आता मी घेतो, पंधरवड्याचा तर सवाल—"

"तू गप बस," सालोमी म्हणाली. "तुला पन पाजायचं राह्यलंय."

खरा प्रश्न तोच होता. कोजागिरी चार दिवसांवर आणि उघाडीवर बसवायचं कोणाला? एकेक नाव निघालं आणि एकेक नाव पडलं. ह्याचं शेत वर, त्याचा भाऊ बिल्डरकडे, हा मासळीखाऊ, तो झोपाळू. मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"एकट्या माणसावर आपला इस्वास नाय," ते म्हणाले. "मग दोघांना बसवू. एका घराचा एक, दुसऱ्या घराचा एक. आन ज्यांचं एकमेकांशी पटत नाय, तीच दोन घरं जोडीला."

एरवी साधी पालखीची वेळ ठरवायला महिना घेणाऱ्या गावानं जोड्या मात्र बसल्या जागी लावल्या. कोणाचं कोणाशी पटत नाही हे विचारावंच लागलं नाही. काही घरांसाठी तर दोन-तीन उमेदवार निघाले. बोक्शी मास्तरांच्या पडवीत खुंटीला गेली. कोजागिरीची भरती आग्नेल आणि हरेश्वरच्या घरांवर आली. हरेश्वरला डेपोत रजा उरली नव्हती आणि आग्नेल चिंचेखालून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडला होता, बायकोशी एक अक्षर बोलला नव्हता. म्हणून बायका गेल्या.

भर दुपारी उधाण चढलं. खाडी बांधाच्या दगडांवर चढत, फेस सोडत, वरच्या फळीला भिडली. अलीकडे चर शांत, त्याच्या काठी लोंब्या वाकलेल्या. सालोमीनं माती मळली आणि सांध्यात दाबली. ती बाजूला झाली तशी द्वारकानं त्याच जागी पुन्हा दाबली. मग द्वारकानं पलीकडचा सांधा भरला आणि सालोमीनं तो बोटं खुपसून तपासला, आणखी एक गोळा लावला. प्रत्येक सांध्याला दोन हात माती बसली. त्या बांधाला एवढी माती कधी कोणी प्रेमानं लावली नव्हती.

पाणी फळीच्या काठाशी थरथरत थांबलं. बराच वेळ थांबलं. मग एक बोटभर उतरलं.

द्वारकानं खाली वाकून चरात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. सालोमी बघत होती. द्वारकानं तोंड वाकडं केलं नाही, थुंकलीही नाही; नवं खारं पाणी आत आलं नव्हतं. पदरानं हात पुसला आणि बांधावर ठेवलेली किटली पुढं सरकवली.

"म्हशीनं पान्हा सोडला सकाळी," ती खाडीकडे बघत म्हणाली.

सालोमीनं झाकण काढलं. दूध होतं. तिनं करंगळी बुडवून एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि हात आडवा धरला.

"पानी नाय घातलं," द्वारका म्हणाली.

"बघू दे की."

दोघी वाकून बघत राहिल्या. थेंब नखावर गोल उभा राहिला, ओघळला नाही.